सोलर प्लेटा अन् काचा धुण्याची गाडी घ्यायचीय? आधी पाणी मोजा, मग टाकी बघा

कळंब (प्रतिनिधी) : गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या भागात जिकडं बघावं तिकडं सोलरच्या प्लेटा दिसायला लागल्यात. शेतात सौर पंप, घरावर पंतप्रधान सूर्यघर योजनेतलं सोलर, दवाखान्यावर, शाळेवर, दूध डेअरीवर, जिनिंगच्या पत्र्यावर सोलर. तालुक्याच्या गावात नवीन इमारती बघितल्या तर समोरून वरपासून खालपर्यंत काचाच काचा. या सगळ्याला धूळ बसते आणि ती कोणीतरी धुवायला पाहिजे. त्यामुळं छोट्या गाडीवर पाण्याची टाकी, पंप आणि लांब ब्रशची काठी बसवून धुण्याचा धंदा करावा, असं बऱ्याच तरुणांच्या डोक्यात आलंय. महिनाभरात मलाच चार जणांनी विचारलं, "काका, गाडी घेऊ का? सेट कुठला घेऊ?"

विचार चांगला आहे. पण यातला जवळपास प्रत्येक जण सुरुवात टाकीपासून नाहीतर काठीपासून करतो. टाकी किती लिटरची, काठी किती फुटाची, कार्बनची का फायबरची. खरी सुरुवात पाण्यापासून करायला पाहिजे. पाणी चुकलं तर बाकी सगळं भारी घेऊनही उपयोग नाही. ते कसं, हेच या लेखात सांगतो.

हे यंत्र म्हणजे नेमकं काय?

काठी पोकळ असते आणि एकात एक सरकणाऱ्या तुकड्यांची असते. तिच्या टोकाला मऊ ब्रश. गाडीतल्या टाकीचं पाणी पंपाने बारीक नळीतून त्या ब्रशपर्यंत जातं. माणूस खाली उभा राहून काच किंवा प्लेट भिजवतो, ब्रश फिरवतो आणि त्याच पाण्यानं खळखळून सोडून देतो. शेवटी फडकं मारायचं नाही, पुसायचं नाही. पाणी आपोआप सुकतं आणि काच स्वच्छ राहते.

ब्रिटनमध्ये खिडक्या धुणाऱ्या लोकांत ही पद्धत चांगलीच रुळलीय. तिथं उंचीवरच्या कामासाठी २००५ साली नियम आले आणि शक्य असेल तिथं जमिनीवरूनच काम करण्यावर भर आला. शिडीवर न चढता खालूनच काम होतं म्हणून ही काठी तिथं पसरली.

आता यातली मेख बघा. पुसायचं नाही म्हटल्यावर पाण्यात जे काही विरघळलेलं आहे, ते पाणी उडून गेलं की काचेवरच राहणार. म्हणून या यंत्रात पाणी जवळजवळ क्षारमुक्त लागतं. काचेवर डाग नको असेल तर पाण्याचा टीडीएस १० च्या आत ठेवतात. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं मोजमाप. एका लिटरला एक मिलिग्रॅम म्हणजे १ टीडीएस.

आपल्या बोअरचं पाणी

पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात टीडीएसची चांगली मर्यादा ५०० आहे. दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. माझ्या शेतातल्या बोअरचं पाणी मी मीटर टाकून बघितलं तर ११४० आलं. म्हणजे लिटरमागे एक ग्रॅमपेक्षा जास्त क्षार. एका प्लेटवर तीन लिटर पाणी टाकलं, त्यातलं बरंचसं वाहून गेलं, तरी जे थेंब राहतात त्यांचा पांढरा डाग पडतोच. आठवड्याला एकदा धुतलं की थरावर थर.

हे मी पुस्तकातनं सांगत नाही. माझ्या सौर पंपाच्या प्लेटा मी पहिलं वर्षभर बोअरच्या पाईपानं धुतल्या. तेही दुपारी, कारण मोटर तेव्हाच जोरात चालायची. तापलेल्या प्लेटेवर पाणी पडलं की लगेच सुकायचं. दिवाळीनंतर बघतो तर काचेवर पांढुरकं साय धरल्यासारखं. पाण्यानं निघेना म्हणून भांड्याची घासणी घेतली आणि घासत बसलो. पांढरं थोडं निघालं, पण उन्हात तिरकं बघितलं की अजूनही ओरखडे दिसतात. प्लेटेच्या काचेवर उजेड परत उडू नये म्हणून एक पातळ लेप असतो. घासणीनं किंवा ॲसिडनं तो जातो आणि कंपनीच्या वॉरंटीचाही प्रश्न उभा राहतो. स्वतःच्या दहा-बारा प्लेटांचं नुकसान मी सोसलं. उद्या तुम्ही एखाद्या दवाखान्याच्या दोनशे प्लेटांवर हेच केलं, तर काय होईल ते तुम्हीच बघा.

म्हणून पहिली खरेदी गाडीची नाही, टीडीएस मीटरची. काही शे रुपयांत मिळतं. ते घ्या आणि घरचा नळ, बोअर, विहीर, कॅनॉल, गावातला जारचा प्लांट, सगळीकडचं पाणी मोजून वहीत लिहा. उन्हाळ्यात परत मोजा, कारण पाणी खाली गेलं की आकडा बदलतो.

पाणी शुद्ध करायचे तीन मार्ग

पहिला मार्ग रेझिनचा. नळकांड्यात बारीक मण्यांसारखं रेझिन भरलेलं असतं, पाणी त्यातून गेलं की क्षार तिथंच अडकतात. याला डीआय म्हणतात. वीज लागत नाही, पाणी वाया जात नाही, दिसायला सोपं. पण रेझिनची एक क्षमता असते. एक लिटर मिक्स रेझिन ढोबळमानानं २५ ते ३० ग्रॅम क्षार पकडतं. नंतर ते संपलं, बदलायचं.

आता हिशोब करा. माझ्या बोअरच्या पाण्यात लिटरला १.१४ ग्रॅम क्षार. म्हणजे एक लिटर रेझिनवर फक्त पंचवीस लिटरच्या आसपास पाणी. रेझिनचा लिटरचा जो भाव दुकानदार सांगेल, त्याला २५ नं भागा. तुमच्या एक लिटर पाण्याचा खर्च तेवढा.

शेजारच्या गावातल्या एका पोरानं हा हिशोब न करता तयार सेट घेतला. १००० लिटरची टाकी आणि २५ लिटर रेझिनचं नळकांडं. विकणाऱ्यानं सांगितलं, "हजारो लिटर पाणी निघतं." ते खोटंही नव्हतं, कारण चांगल्या पाण्यावर निघतंच. पण या पोराच्या बोअरचा टीडीएस माझ्याएवढाच. सहाशे लिटरच्या आसपास पाणी आलं आणि मीटरचा आकडा चढायला लागला. पहिली टाकीसुद्धा पूर्ण भरली नाही. नवीन रेझिन घ्यायला पैसे नव्हते, म्हणून त्यानं बोअरच्याच पाण्यानं काम उरकलं. गिऱ्हाईकाच्या काचेवर डाग पडले आणि पुढचं काम गेलं. बँकेचा हप्ता मात्र चालूच आहे.

दुसरा मार्ग आरओ आणि त्यानंतर रेझिन. आरओ ९० ते ९५ टक्के क्षार काढून टाकतो. ११४० चं पाणी ६० च्या आसपास येतं. मग उरलेलं काम रेझिन करतं. आता तेच एक लिटर रेझिन साडेचारशे लिटर पाणी देतं. पंचवीसच्या जागी साडेचारशे! फरक इथंच आहे. चार इंची व्यासाच्या, चाळीस इंच लांबीच्या एका मेंब्रेनवर तासाला साधारण २५० लिटरचा छोटा प्लांट चालतो. तोटा हा की वीज लागते आणि जेवढं पाणी शुद्ध होतं, तेवढंच किंवा त्याहून जास्त वाया जातं. ते वाया जाणारं पाणी दुप्पट खारट असतं. ते ठिबकला जोडू नका, पिकाला देऊ नका, जमीन खराब होईल. गोठा धुवायला, संडासाला वापरा.

तिसरा मार्ग कोणी सांगत नाही, कारण त्यात विकणाऱ्याचा फायदा नाही. आता बहुतेक मोठ्या गावात जारचा प्लांट आहे. लग्नाकार्याला आपण तिथूनच जार आणतो. त्यांच्याकडं आरओ आधीच बसवलेला आहे. त्यांच्याकडून थंड न केलेलं पाणी टाकीत भरून घ्या. एक काळजी घ्या. चवीसाठी काही प्लांटवाले आरओच्या पाण्यात थोडं साधं पाणी मिसळतात. "न मिसळलेलं द्या" असं सांगा आणि भरायच्या आधी मीटर टाका. ६० च्या आसपास आकडा आला तर दहा लिटर रेझिनच्या छोट्या नळकांड्यावर साडेचार हजार लिटर पाणी निघेल. सुरुवातीच्या वर्षी स्वतःचा आरओ घ्यायची गरजच नाही.

पावसाच्या पाण्याचंही तसंच. पत्र्यावरचं पाणी, पहिले दोन पाऊस सोडून, झाकलेल्या टाकीत साठवलं तर त्याचा टीडीएस फार कमी असतो. गाळून रेझिनमधून काढलं की झालं. धुण्याचं खरं काम दिवाळी ते मृग याच काळात असतं. पावसाळ्यात पाऊसच धुतो. त्यामुळं साठवलेलं पाणी कामाला येतं.

आरओ गाडीवर का घरी?

तयार सेट विकणारे गाडीवरच आरओ बसवून देतात. "कुठंही जा, तिथलं पाणी वापरा," असं सांगतात. शहरात हे ठीक आहे. आपल्याकडं गिऱ्हाईकाच्या दारात पाणी असेलच असं नाही. असलं तर दाब नसतो, वीज कधी जाईल भरवसा नाही, आणि वाया जाणारं खारट पाणी त्याच्या अंगणात सोडावं लागतं. शिवाय खड्ड्यांतून हादरे बसून जोड ढिले होतात ते वेगळंच.

माझं मत सरळ आहे. पाणी घरी किंवा जारच्या प्लांटवर तयार करा, गाडीत फक्त तयार पाणी न्या. गाडीवर टाकी, पंप, बॅटरी, नळीचा रीळ आणि काठी एवढंच. जेवढं कमी तेवढं बिघडायला कमी.

आणि मे महिन्यात गावाला टँकर चालू असताना पांढरी टाकी घेऊन प्लेटा धुवायला निघालात तर लोक बोलणारच. अशा वेळी आधी कोरड्या मऊ ब्रशनं धूळ झाडून घ्या, मग कमी पाण्यात काम करा. पाणी कुठून आणलं ते विचारलं तर सांगता आलं पाहिजे.

टाकी किती लिटरची?

आता टाकीकडं येऊ. इथंही हिशोब करूनच.

एक साधारण ५४० वॅटची प्लेट सव्वादोन मीटर लांब आणि सव्वा मीटरच्या आत रुंद असते. काठीतून मिनिटाला दोन लिटर पाणी सोडलं आणि एका प्लेटला दीड मिनिट लागलं, तर तीन लिटर पाणी झालं. घरावरच्या तीन किलोवॅटला अशा सहा प्लेटा, म्हणजे १८ लिटर. शंभर किलोवॅटच्या जिनिंगला किंवा कॉलेजला १८५ च्या आसपास प्लेटा, म्हणजे साडेपाचशे लिटर.

पण प्लेटा धुवायची वेळ सकाळची. ऊन तापल्यावर गरम काचेवर गार पाणी मारलं तर काच तडकायची भीती, आणि पाणी सुकून डाग पडतो तो वेगळाच. सकाळी सहा ते साडेनऊ धरा. साडेतीन तास म्हणजे २१० मिनिटं. एका काठीवर १४० प्लेटा, पाणी ४२० लिटर. यापेक्षा जास्त एका काठीवर एका सकाळी होणारच नाही. मग १००० लिटरची टाकी कशाला? उरलेलं पाणी नुसतं वजन म्हणून फिरवायचं, डिझेल जाळायचं.

एक काठी असेल तर ४०० ते ५०० लिटरची टाकी पुरते. दोन माणसं, दोन काठ्या असतील तेव्हाच आठशे-हजारचा विचार करा.

सौर कृषी वाहिनी योजनेतले मोठे प्रकल्प आपल्याकडं सबस्टेशनजवळ होतायत. ५ ऑक्टोबर २०२४ ला वाशीममध्ये अशा पाच प्रकल्पांचं, एकूण १९ मेगावॅटचं, लोकार्पण झालं होतं. ते बघून काही पोरं म्हणतात, "तिथलं काम मिळालं की झालं." दोन मेगावॅटला ३७०० प्लेटा होतात. एका काठीनं सव्वीस सकाळी लागतील आणि अकरा हजार लिटर पाणी. ते काम ट्रॅक्टर, टँकर आणि मजुरांच्या टोळीचं आहे, छोट्या गाडीचं नाही. गाडीचं गिऱ्हाईक म्हणजे घरं, दवाखाने, शाळा, पेट्रोल पंप, डेअरी, शोरूम. ते डोळ्यासमोर ठेवून टाकी निवडा.

गाडी किती वजन झेपेल?

पाण्याचं वजन लिटरला एक किलो. यात सूट नाही. पाचशे लिटर पाणी ५०० किलो. टाकी २० किलो, लोखंडी सांगाडा ५०, पंप आणि बॅटरी ३०, नळीचा रीळ २५, काठ्या-ब्रश १०, दोन माणसं १३०. बेरीज ७६५ किलो. छोटा हत्ती म्हणतात त्या गाडीची क्षमता पाऊण टनाच्या आसपास. म्हणजे पाचशे लिटरलाच गाडी भरली. हजार लिटर टाकली तर सव्वा टनाच्या वर. त्याला मोठी पिकअप लागते, हप्ता मोठा.

आरसी बुकात दोन आकडे असतात. गाडीचं रिकामं वजन आणि एकूण मंजूर वजन. दुसऱ्यातून पहिलं वजा करा. जे उरतं त्यात पाणी, सामान आणि माणसं सगळं बसलं पाहिजे. जास्त भरलं आणि अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न वजनाचाच विचारते.

दुसरी गोष्ट, टाकी अर्धी भरलेली असली की पाणी आत हिंदकळतं. वळणावर गाडी ओढली जाते, ब्रेक मारला की पाणी पुढं धडकतं. फवारणीचा टँकर ट्रॅक्टरला ओढणाऱ्यांना हे माहीत आहे. आतून आडवे पडदे असलेली, बुटकी आणि रुंद टाकी घ्या. उभी गोल टाकी दोरीनं बांधून चालवू नका. सांगाडा चासीला बोल्टनं पक्का करा आणि टाकी त्या सांगाड्यात अडकवा. गाडीत असा बदल करायच्या आधी आरटीओत विचारून घ्या.

पंप आणि बॅटरी

बरेच जण विचारतात, "घरी एचटीपी पंप आहे, तोच लावू का?" नका लावू. एचटीपीचा दाब द्राक्ष-डाळिंबाच्या फवारणीसाठी आहे. प्लेटेच्या कडेची रबरी पट्टी, मागचा जोड यात पाणी घुसू शकतं. प्लेट कंपनीच्या पुस्तिकेत पाण्याच्या दाबाची मर्यादा दिलेली असते, ती वाचा. इथं घाण दाबानं काढायची नसते, ब्रश आणि शुद्ध पाण्यानं काढायची असते.

लागतो तो १२ व्होल्टचा डायफ्रामचा छोटा पंप. पाठीवरच्या बॅटरी फवारणी पंपात असतो त्याच जातीचा, थोडा मोठा. मिनिटाला पाच लिटर देणारा एका काठीला भरपूर झाला. उंचीचा हिशोब असा की दर दहा मीटर उंचीला साधारण एक किलोचा दाब कमी होतो. तळमजल्यावरून तीन मजले चढवायला हा पंप पुरतो. पुढं वेग कमी-जास्त करायचा नियंत्रक बसवा, पाण्याची बचत तिथंच होते.

असा पंप पाच-सात अँपिअर ओढतो. शंभर अँपिअर-तासाची बॅटरी निम्मीच वापरायची म्हटली तरी सात-आठ तास चालते. गाडीच्या सेल्फच्या बॅटरीवर पंप लावू नका, शेतात गाडी ढकलायची वेळ येईल. वेगळी बॅटरी, मध्ये फ्यूज. नळी ६ ते ८ मिलिमीटर आतल्या व्यासाची, रिळावर गुंडाळलेली, शंभर मीटर. घेताना ती मोडते का, घडी पडते का हे हातानं बघा.

काठी कुठली?

आता शेवटी काठी. काच-फायबरची काठी स्वस्त, जरा जड, लांब केली की वाकते. कार्बनची हलकी, ताठ, पण महाग. ॲल्युमिनियमची सगळ्यात स्वस्त.

यात जीवाचा प्रश्न आहे तो विजेचा. ॲल्युमिनियममधून वीज जाते हे सगळ्यांना कळतं. पण कार्बन फायबरमधूनही वीज जाते, हे फार थोड्यांना माहीत आहे. काळी चकचकीत काठी प्लॅस्टिकसारखी दिसते म्हणून लोक फसतात. आपल्याकडं घरावरून, वाड्यावरून, शेतावरून तारा गेलेल्या असतात. काच-फायबर कोरडी असेल तर वीज अडवते, पण ओली, मळलेली काठी भरवशाची नाही. त्यामुळं काठी कुठलीही असो, नियम एकच. काठी पूर्ण उघडून कुठल्याही बाजूला पडली तरी तारेपर्यंत पोचणार नाही, एवढं अंतर असेल तरच काम घ्या. नाहीतर गिऱ्हाईकाला सांगा, महावितरणकडून लाईन बंद करून घ्या, मग येतो. पाचशे रुपयांच्या कामासाठी जीव घालवायचा नाही.

लांबीचं म्हणाल तर घराच्या स्लॅबवर उभं राहून प्लेटा धुवायला तीन-चार मीटर पुरते. तळमजला अधिक दोन मजल्याच्या काचा जमिनीवरून धुवायच्या तर नऊ-दहा मीटर. सुरुवातीला एकच दहा मीटरची घ्या, तुकडे काढून तीच छोटी होते. ब्रश मऊ नायलॉनचा. हाताच्या पाठीवर फिरवून बघा, टोचला तर काचेला नको.

प्लेटा धुताना हे विसरू नका

सोलरची मेन बंद केली तरी उजेड आहे तोवर प्लेटेत वीज असते. पुढच्या वायरमध्ये कितीतरी शे व्होल्ट असतात. फुटलेल्या प्लेटेला, सोललेल्या वायरला, उघड्या जोडाला पाणी लावू नका. मालकाला दाखवा आणि ती ओळ सोडून द्या. प्लेटेवर पाय ठेवू नका, वरून काही दिसत नाही पण आतले सेल तडकतात. सिमेंटच्या पत्र्यावर तर चढूच नका, पत्रा फुटून माणूस खाली येतो. उंचीवर जावंच लागलं तर कमरेला पट्टा आणि दोर. साबण, सोडा, ॲसिड काही नको. पक्ष्यांची घाण असेल तर पाणी मारून पाच मिनिटं भिजू द्या, मग ब्रश.

काम झाल्यावर मालकाला फरक दाखवा. इन्व्हर्टरवर रोजचे युनिट दिसतात. धुण्याच्या आदल्या दिवसाचे आणि नंतरच्या तशाच निरभ्र दिवसाचे युनिट लिहून द्या. फरक मोठा असेल तर मालक परत बोलावेल. फरक किरकोळ असेल तर तेही खरं सांगा, "अजून महिनाभर नको." मांजरा-तेरणा पट्ट्यात कारखाने चालू असताना राख पडते, खळ्याच्या दिवसांत भुसा उडतो, रस्त्याकडेला धूळ. तिथं लवकर लागेल. माळावरच्या एकट्या घराला उशिरा लागेल. सगळ्यांना एकच ठोकळा लावू नका.

आणि शेतकरी बांधवांनो, फक्त स्वतःच्या सौर पंपासाठी यातलं काही घेऊ नका. दोन जार पाणी, एक मऊ ब्रश, सकाळची वेळ. एवढ्यात काम होतं.

घ्यायच्या आधी स्वतःला विचारा

१. मी जिथून पाणी भरणार तिथला टीडीएस किती? उन्हाळ्यात किती?

२. माझी पक्की गिऱ्हाईकं किती? नुसतं "बघू" म्हणणारी नाही, तारीख दिलेली.

३. एका सकाळी किती प्लेटा, किती काचा? त्याला पाणी किती?

४. ते पाणी, सामान आणि माणसं मिळून गाडीच्या मंजूर वजनात बसतात का?

५. रेझिन, डिझेल, मजुरी आणि हप्ता धरून एका प्लेटेला मला किती पडतं?

६. पंप, जोड, रेझिन जिल्ह्याच्या ठिकाणी मिळतं का, का दरवेळी पुण्याहून मागवायचं?

यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर कोटेशनच्या कागदावर नसतं. कर्ज काढणार असाल तर जिल्हा उद्योग केंद्रात आधी जाऊन गाडी योजनेत बसते का ते विचारा, मग कोटेशन घ्या. रोजगार निर्मितीच्या योजनांत अनुदान लगेच हातात पडत नाही, ते बँकेत अडकून राहतं आणि हप्ता पहिल्या दिवसापासून तुमचाच असतो.

माझ्याकडं आलेल्या चौघांपैकी एकानं परवा फोन केला. त्यानं भावाच्या छोट्या हत्तीवर चारशे लिटरची टाकी ठेवलीय, पाणी जारच्या प्लांटवरून भरतोय, दहा लिटरचं रेझिन आणि काच-फायबरची एक काठी. गाडी विकत घेतली नाही, कर्ज काढलं नाही. आठवड्याला दोन-तीन कामं मिळतायत. म्हणाला, "काका, अजून फार कमाई नाही, पण कोणाचं देणंही नाही. दिवाळीपर्यंत बघतो, काम वाढलं तर गाडी घेतो."

मी त्याला एवढंच म्हटलं, मीटर खिशात ठेव अन् टाकी भरताना रोज आकडा बघ. दहाच्या वर गेला की त्या दिवशी कामाला जाऊ नको.